एकेचाळिसाव्या नंबरचा बग

टेस्टरने भिंतीवरच्या पडद्यावर यादी लावली आणि ती खुर्ची ओढून बसली. शुक्रवारची मीटिंग होती. गोळ्यांच्या वेळेला घंटा वाजवणारं त्यांचं ॲप, आणि त्यातला कोणता बग, म्हणजे दोष, आधी दुरुस्त करायचा हे ॲप वापरणारेच मत देऊन ठरवायचे. वरच्या पाचांना हात लागायचा. बाकीचे बसायचे ताटकळत.

पहिल्या नंबरवर घंटेचा कर्कश सूर होता, दोन हजार तीनशे मतं. दुसऱ्यावर बटणांचा पिवळा रंग. लोकांचं या रंगाशी काय वाकडं होतं कोण जाणे. एकेचाळिसाव्या नंबरवर, नऊ मतांनिशी, एक बग पडून होता: गोळीची वेळ बदलली तरी जुन्या वेळेलाही घंटा वाजते.

त्या नवांतलं एक मत टेस्टरच्या मावशीचं, परवाच दिलेलं. मंगळवारी मावशीने रक्तदाबाची गोळी नव्या वेळेला, सकाळी घेतली. संध्याकाळी जुनी घंटा वाजली म्हणून आणखी एक घेतली, आणि चक्कर येऊन बाथरूमच्या दारात बसली. टेस्टरला सातव्या वर्षापासून वाढवलं होतं ते या बाईने. मंगळवारपासून टेस्टरच्या जिवाला घोर लागला होता.

"एकेचाळीस नंबर वर घेऊ या का?" ती म्हणाली.

"किती मतं?" टीमच्या प्रमुखाने विचारलं. स्वतः कधी मैदानात उतरत नसे, म्हणून सगळे त्याला चेष्टेने कॅप्टन म्हणत.

"नऊ."

"मागच्या महिन्यात चौदा होती. म्हणजे त्रास कमी होतोय लोकांचा. घरची काळजी समजते गं मला, पण नियम म्हणजे नियम."

तो हे मायेने बोलला, त्यामुळे तिला भांडताही येईना. ती बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि तिने मावशीला फोन लावला.

"आता नाही वाजत काही," मावशी म्हणाली. "आत्ताच काढून टाकलं ते. खातंबितं सगळं बंद. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्यात."

"मला सांगायचंस ना आधी."

"तुझ्या पोटावर पाय नको यायला, म्हणून गप्प बसले."

टेस्टरला हसू आलं, आणि जरा हायसंही वाटलं. ती आत आली तेव्हा एकेचाळिसाव्या नंबरसमोर आठचा आकडा होता.

ती उभीच राहिली. खातं बंद झालं की त्याचं मत वजा, हा नियम तिनेच सुचवला होता. खोटी खाती उघडून कुणी मतं फुगवू नयेत म्हणून. तेव्हा याच खोलीत तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

तिने लॅपटॉप ओढला आणि या बगला आजवर दिलेली सगळी मतं मागवली. पडद्यावर आकडा आला: चारशे अकरा.

कॅप्टन उठून पडद्याजवळ गेला.

"यातली आठच उरलीत?"

"हो."

"आणि बाकीचे?"

"गेले सोडून."

त्याने खिशातून फोन काढला. "दोघाचौघांचे नंबर दे. बरे आहेत ना, एवढं तरी विचारू."

"खातं बंद केलं की नंबरही पुसतो आपण," टेस्टर म्हणाली.