डॉक्टरीणबाईंच्या डब्यातलं अंडं

मामा पेशाने शिंपी. दिवसभरात सुई कितीदा बोटात शिरायची, पण गड्याचं हूं की चूं नाही. भाचीच्या बोटाला टोचणी लावायची म्हटली की मात्र तो डोळे मिटून घ्यायचा.

भाची सहा वर्षांची. घरात तिला भवानी म्हणत, आणि ती नावाला जागायची. जन्मापासून तिला एक आजार होता. अन्नातल्या प्रथिनांचा एक भाग तिच्या शरीराला पेलवत नसे. तो रक्तात साठे आणि मेंदूवर उठे. म्हणून दूध, अंडं, डाळ बंद. त्याऐवजी नाक दाबून प्यायचं एक औषधी पेय, आणि दर आठवड्याला रक्ताचे थेंब जाड कागदावर वाळवून इस्पितळात पाठवायचे. आई पहाटेच बेकरीत कामाला जाई, म्हणून हे लचांड मामाच्या गळ्यात पडलं होतं.

टोचणी दिसली की भवानी शिवणयंत्राखाली शिरून घर डोक्यावर घेई. एकदा मामाने वैतागून स्वतःचंच बोट टोचलं आणि कागद भरला. एकाच आठवड्याचा तर प्रश्न, असं त्याने मनाला समजावलं. पुढच्या आठवड्यात भवानीनेच त्याचं बोट टोचणीखाली धरलं. नाहीतर आईला सांगेन म्हणाली.

महिन्याभरात डॉक्टरीणबाईंनी तिघांना बोलावलं. आकडे इतके छान आलेत की मुलगी बरी झाली म्हणायची, असं त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. आता पथ्य कशाला? त्यांनी आपला डबा उघडून उकडलेलं अंडं भवानीपुढे ठेवलं. बहिणीच्या डोळ्यांना धार लागली. भवानीने मामाला डोळा मारला आणि हात पुढे केला.

मामा पेचात पडला. खरं सांगावं तर बहीण उभा सोलणार, गप्प बसावं तर पोरीच्या मेंदूशी खेळ. त्याने झडप घालून अंडं उचललं आणि अख्खं स्वतःच्या तोंडात कोंबलं.

कसंबसं गिळल्यावर तो म्हणाला, "रक्त माझं होतं."

"आकडे पाहूनच कळलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या आजारात इतके स्वच्छ आकडे येत नसतात. तिला मी अंडं खाऊ देणार नव्हते. पण ते माझं जेवण होतं."

लगेच भवानीचं खरं रक्त तपासायला घेतलं. आकडा चढलेला निघाला. वाढत्या अंगाला पेय कमी पडत होतं. वेळेत कळलं, उतरेल, असं बाई म्हणाल्या. बहिणीने मात्र मामाशी बोलणं टाकलं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी भवानी फुगून बसली. मामा बोलला नसता तर अंडं मिळालं असतं, हे तिचं गाऱ्हाणं.

"आज ना उद्या मिळालंही असतं," मामा म्हणाला. "मग हळूहळू तुझी ही सगळी लबाडी आटली असती. मला ती हवी आहे गं."

भवानीने जरा विचार केला. "मग आधी तुझं बोट."

त्याने टोचून घेतलं आणि मुद्दाम गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला. भवानी खदाखदा हसली, मोठ्या माणसासारखं त्याच्या बोटावर फुंकर घातली, आणि आपलं बोट पुढे केलं. त्या दिवशी कागदावरचे सगळे थेंब तिचे होते.