लाल दोऱ्यानं शिवलेलं शेवटचं प्रकरण

मी एक जुना, लोखंडी, गोल फिरणारा स्टँड आहे, मित्रांनो. वारंगा फाट्यावर जलालभाईंच्या दुकानात दाराशी उभा असतो. आज माझ्या अंगावर जास्त करून चार्जर, इअरफोन आणि मोबाइलची कव्हरं लटकतात. गिऱ्हाईक मला ढकलून पुढं जातं. पण एके काळी माझ्या अंगाखांद्यावर इतके खून नांदत होते, की ऐकाल तर तोंडात बोट घालाल!

घाबरू नका. ते सगळे पुस्तकांतले खून होते.

मला घडवलं ते फाट्यावरच्याच बाबूसिंग वेल्डरनं. कुणाच्या तरी खिडकीचे उरलेले गज त्यानं वाकवले आणि बुडाला ट्रकच्या चाकाचं जुनं बेअरिंग बसवलं. म्हणून मी फिरताना कुरकुरतो. तेल घातलं तरी कुरकुरतो. स्वभावच आहे तो माझा.

जलालभाईंचे वडील फाटकी पुस्तकं शिवून, बांधून द्यायचे. जलालभाईंनी पुस्तकं भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तीही फक्त रहस्यकथा. एसटीची वाट बघणारे प्रवासी आणि पंक्चर काढायला थांबलेले ड्रायव्हर माझ्याभोवती गर्दी करायचे. पण लोक मोठे बिलंदर! उभ्या उभ्या शेवटचं पान उघडायचे, खुनी कोण ते बघायचे आणि पुस्तक जागेवर ठेवून चालू पडायचे. जलालभाई वैतागले. त्यांनी वडिलांचं दाभण काढलं आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लाल दोऱ्यानं शिवून टाकलं. पुस्तक न्यायचं, तिथवर वाचायचं, परत येऊन खुनी कोण ते जलालभाईंना सांगायचं, मगच ते ब्लेडनं दोरा कापणार! ट्रकवाले तर खाली न उतरताच ओरडायचे, "भाई, पुतण्यानंच मारलं! कापा दोरा!" काय दिवस होते ते, मित्रांनो! आठवलं की अजून माझं बेअरिंग हलकं होतं.

याच काळात करुणाबाई आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. घर हट्ट्याला, नोकरी कळमनुरीकडं, म्हणून फाट्यावर गाडी बदलायच्या. एके दिवशी त्यांनी पुस्तक माझ्यावर आपटलंच.

"जलालभाई, ह्यो खानसामा कुठून आला? समदं पुस्तक वाचलं, ह्यो कुठंच न्हाई. अन् शेवटी म्हणे खून यानंच केला!"

जलालभाईंनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि कपाळावर हात मारला. दोन फाटकी पुस्तकं एकदमच बांधायला घेतली होती. दोन्हींत गुप्तहेर एकच, त्यामुळं एकाचं शेवटचं प्रकरण दुसऱ्याला शिवलं गेलं होतं. त्याआधी कितीतरी जणांनी ते पुस्तक वाचून "शेवट लई भारी" म्हणत परत केलं होतं! दोघंही पोट धरून हसले. त्या दिवसापासून त्या झाल्या सिस्टरबाई, आणि कोणत्याही पुस्तकाचा शेवट फसला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "जलालभाई, हे बी तुमीच शिवलं का?"

पुढं घरोघरी मोबाइल आले. पुस्तकं रद्दीत गेली. सिस्टरबाई निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला गेल्या. जलालभाईंची नजर काचबिंदूनं हळूहळू गेली आणि नजरेबरोबर त्यांचं बोलणंही आटलं. दुकान आता त्यांची नात उझ्मा बघते. पोरगी कष्टाळू आहे, गुणाची आहे. तिनं काचेचं शोकेस सांगितलं आणि आजोबांना विचारलं, "दादा, ये पुराना स्टँड बेच दूँ?"

जलालभाई म्हणाले, "बेच दे. अंधे को किताबों का स्टँड कायकू?"

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या वाक्यानं आतून तुटलो. भंगारवाल्या संतरामला निरोपही गेला.

अशात सिस्टरबाई हट्ट्याला परत आल्या आणि जलालभाईंचं कळताच नव्या पुस्तकांची पिशवी घेऊन दुकानात हजर झाल्या. डोळ्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. खुर्ची ओढली आणि तक्रारच सुरू केली.

"आजकालचे इन्स्पेक्टर लई दुःखी असतेत, जलालभाई. बायको सोडून गेलेली, झोप न्हाई, बाटली सुटत न्हाई. खुनाचा तपास वाचावा का याच्यावर इलाज करावा! अन् तपास तरी काय? मोबाइलचं टावर अन् कॅमेरा. खुनी बसल्या जागी सापडून राहिला. चहावाल्याला कोनी काही इचारतच न्हाई."

जलालभाई दाराकडं तोंड करून बसलेले.

"पर एक गोष्ट हे नवे लोक बराबर करून राहिले," बाईंचा आवाज उतरला. "पंचनामा, रिपोर्टाची वाट, कोर्टाच्या तारखा, समदं खरं वाटतंय. आपल्या जुन्या पुस्तकांत मुडदा पडला की त्याच्यासाठी कोनी रडत नव्हतं. आता मेलेल्याच्या आईचं बी एक प्रकरण असतंय. तसल्या आया मी दवाखान्यात पाहिल्या. वाचवेना मला."

जलालभाईंनी मान त्यांच्याकडं वळवली. एवढंच. पण मी ते पाहिलं.

मग त्या दुपारी येऊन एक जाडजूड पोलिसी कादंबरी वाचून दाखवू लागल्या. शेवटचं प्रकरण त्यांनी घरूनच लाल दोऱ्यानं शिवून आणलं होतं. तिथं पोचल्यावर त्या थांबल्या.

"सांगा, खुनी कोण?"

"मला काय कळतं आता, सिस्टरबाई? डोळेच न्हाईत."

"मग? खुनी काय डोळ्यानं ओळखत व्हता तुमी? सांगा, न्हाई तर दोरा कापत न्हाई."

नेमका तेव्हाच संतराम दारात आला. त्यानं मला दोन्ही हातांनी धरून कलतं करून पाहिलं. झालं, मी मनात म्हटलं, आपला पंचनामा झाला.

जलालभाई बोटांवर एकेक संशयित मोजू लागले. मग हळूच म्हणाले, "वकिलाचा भाऊ. पावसाच्या दिवशी त्याची छत्री कोरडी व्हती."

बाईंनी दोरा कापला. भराभर वाचलं. खुनी निघाला लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस, ज्याचं अख्ख्या पुस्तकात नावही नव्हतं! बाईंनी पुस्तक मिटलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"जलालभाई, हे बी तुमीच शिवलं का?"

आधी त्यांचे खांदे हलले. मग ते हसले, आणि काय हसले! ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. उझ्मा काउंटर सोडून धावत आली. "दादा, कित्ते दिनां के बाद हँसे तुम!" म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

संतरामनं मला उचललं, तसा मी कुरकुरलो. जलालभाईंचं हसू थांबलं. त्यांनी हवेत हात पुढं केला.

"कोन घेऊन जाऊन राहिलं त्याला? ठेव खाली. सिस्टरबाईनी आनलेली पुस्तकं कुठं लावू मग?"

मला खाली ठेवलं गेलं, मित्रांनो. शोकेस आलं, पण मीही आहे. खाली चार्जर, आणि वरच्या रांगेत बाईंची पुस्तकं, प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण शिवलेलं. टाके जलालभाई स्वतः घालतात, बोटांनी चाचपून.

तुमच्याही घरात कुणीतरी कोपऱ्यात गप्प बसलेलं असेल. त्याचं सगळं संपलं असं समजून त्याच्या वस्तू भंगारात काढू नका. जवळ बसा, त्याच्या आवडीचं काही वाचून दाखवा आणि खुनी कोण ते त्याला विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल. पण त्यानं सांगेपर्यंत दोरा कापू नका.