दातओठ खाल्लेला वीर

"आज दुपारी मानवजातीचा इतिहास बदलणार आहे," असं प्राध्यापकांनी सीटी स्कॅनच्या खोलीच्या दारातच जाहीर केलं.

"बदलू द्या, भावोजी. पण मुतखड्यानंतर," मेहुणा म्हणाला. "त्यांचा नंबर आधी आहे."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. इस्पितळातलं हे यंत्र तो चालवायचा. प्राध्यापक मुकाट्याने मांडीवर खोका घेऊन बाकावर बसले. खोक्यात कापसात गुंडाळलेली चार हजार वर्षांपूर्वीची कवटी होती. तिच्या वरच्या जबड्याला वाटाण्याएवढं भोक होतं. ते बाणाचंच, असं प्राध्यापक वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते. उद्या संग्रहालयात पाटी लागायची होती: 'दातओठ खाऊन लढलेला वीर'. फक्त संग्रहालयाच्या बाईंनी पाचर मारून ठेवली होती, आधी स्कॅन करून आणा.

अखेर नंबर लागला. मेहुण्याने संगणकावर माहिती भरायला घेतली.

"वय?"

"चार हजार."

"तीनच आकडे बसतात. मरताना किती होतं?"

"चाळीस असेल."

"पेशंट उपाशी आहे ना?"

"कधीपासून, ते विचारू नकोस."

यंत्र घरघरलं. मुतखडेवाल्यासाठी लावलेली सूचना बंद करायची राहिली होती. "श्वास रोखून धरा," ध्वनिमुद्रित बाई म्हणाली. कवटीने आज्ञा तंतोतंत पाळली. काचेपलीकडे प्राध्यापकांनीही पाळली.

पडद्यावर हाडाचे काप उमटले.

"बाण बाहेरून आत जातो ना, भावोजी?"

"मग काय आतून बाहेर येतो?"

"हे भोक तसंच आलंय. कडा बघा, किती गुळगुळीत. आणि आत सरळ दाढेच्या मुळाशी पोचतंय. दाढ किडली, मुळाशी पू झाला, त्याने हाड पोखरलं. असे पेशंट इथे रोज येतात. जिवंत असतात, एवढंच."

"लढता लढता किडली असेल," प्राध्यापक चिवटपणे म्हणाले.

"असेल की. पाटीवरचा ओठ खोडा, दात राहू द्या."

प्राध्यापकांनी संग्रहालयाला फोन लावून पडक्या आवाजात पाटी थांबवायला सांगितली. फोन ठेवला आणि आपला उजवा गाल हलकेच दाबून पाहिला.

"खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसतात ना रे?" ते म्हणाले. "महिनाभर टाळतोय. आजचा नंबर मिळतो का, बघशील? आणि तुझ्या ताईला सांगू नकोस."