टिल्लीची बाटली मी गोठवली

मी एक जुना, एका दाराचा फ्रीज आहे. माझा रंग एकेकाळी फिकट निळा होता. आता माझ्या पोटात दूध-भाज्या नसतात. कापडाचे तुकडे, बटणांचे डबे आणि दोऱ्याची रिळं असतात. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंना आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगायला आवडतं. तशा दोन-चार मलाही येतात. पण जी सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, ती आधी सांगितली पाहिजे.

कारखान्यात माझ्या पाठीवर नळ्यांचं जाळं बसवलं आणि आत एक छोटं चाक लावलं. त्यावर एक ते सात आकडे होते. आकडा मोठा, तितकी थंडी जास्त. एका नव्या जोडप्याने मला घरी आणलं. नवरा मोठमोठ्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बायको घरीच शिवणकाम करायची. पुढे त्यांना मुलगी झाली आणि मीही त्यांना आई-बाबाच म्हणू लागलो. आईचे वडील, अप्पा, त्यांच्याकडे राहायला आले. शेजारी कुणाचा पाय मुरगळला की वाटी घेऊन आमच्याकडेच यायचे. "यांच्या फ्रीजचा बर्फ म्हणजे दगड," असं म्हणायचे. ते ऐकून मी फुगायचो आणि जरा मोठ्याने घरघरायचो.

वय झालं तसं माझं तंत्र बिघडलं. दाराकडे बेताची थंडी, तर मागची भिंत बर्फ धरायला लागली. एकदा अप्पांनी माझ्या मागच्या भिंतीजवळची काकडी चावली आणि कवळी काढून हातात घेतली. ही काकडी आहे की काठी, असं त्यांनी विचारलं. आई हसली आणि म्हणाली, काकडी ठीक आहे, कवळीच बदलायला झाली आहे. बाबा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून यायचे. माझ्याकडे बघून "उद्या बघतो" म्हणायचे. तो उद्या काही उगवला नाही.

या घरची मुलगी टिल्ली. पाच वर्षांची असताना तिला सारखी तहान लागू लागली. फ्रॉक अंगावर लोंबू लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की टिल्लीला टाइप वन मधुमेह आहे. तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणं थांबवलं आहे, ते आता रोज बाहेरून द्यावं लागेल. गोड खाण्याने हा आजार झालेला नाही, यात कुणाचीच चूक नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. आईने मान डोलावली, पण ते तिच्या मनात उतरलं नसावं.

सुईशी आईची लहानपणापासूनची ओळख. तरी पहिलं इंजेक्शन देताना ती सुई जवळ नेऊन पुन्हा मागे घेत राहिली. शेवटी टिल्लीनेच पाय पुढे केला आणि सांगितलं, आज डावा. तेव्हापासून जागा टिल्ली ठरवायची. आई बोट टोचून साखर तपासायची, आकडा वहीत लिहायची, जेवण मोजून वाढायची. डोळ्यांत तेल घालून ती लेकीला जपत होती. इन्सुलिनच्या बाटल्या माझ्या दारातल्या कप्प्यात आल्या. इतकी वर्षं मी भाज्या राखल्या, आता एक जीव राखायचा होता. मला फार अभिमान वाटला.

दोन वर्षं नीट गेली. मग एका कडक उन्हाळ्यात वीज सारखी जाऊ लागली. औषध तापून खराब होईल या धास्तीने आईने माझं चाक सातवर नेलं. बाटल्या दारातून काढल्या आणि वर, बर्फाच्या कप्प्याखाली, अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. जितकं थंड तितकं चांगलं, असं तिला वाटलं. आणि मी? मला वाटलं, हीच वेळ आहे कर्तबगारी दाखवायची. मी जिवाचा आटापिटा केला. अति तिथे माती म्हणतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाटल्यांमधलं औषध गोठून दगड झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि ते पुन्हा वितळलं. संध्याकाळी आईने रोजच्या वापरासाठी नवी बाटली काढून दाराच्या कप्प्यात ठेवली, तेव्हा तिला काहीच वेगळं दिसलं नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे ना तिला आठवलं, ना मला ठाऊक होतं.

टिल्लीची साखर चढू लागली. आई इंजेक्शन देत होती आणि आकडा खाली येत नव्हता. डॉक्टरीणबाईंना फोन करायला तिने दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली ठेवला. असे आकडे सांगायची तिला लाज वाटली. नापास झालेलं प्रगतिपुस्तक लपवावं, तशी तिने ती वही शिवणयंत्राच्या खणात सरकवली. मग तिची नजर टिल्लीकडे वळली. दप्तर उलटं केलं, गादीखाली पाहिलं, डब्यातली बिस्किटं मोजली. कुठे काही सापडलं नाही, पण लेक चोरून खाते हा संशय गेला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या दाराला कडी बसवली आणि कुलूप लावलं. स्क्रू पत्र्यात शिरले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण थोड्या वेळाने टिल्ली आली. तिने मूठ धरून दार ओढलं. कुलूप खडखडलं. तिला गार पाणी हवं होतं, बाकी काही नाही. घशाला कोरड पडली होती लेकराच्या. आईने शिवणयंत्रावरून ते पाहिलं आणि उठून आली.

"काय खाल्लंस, टिल्ली?"

"काही नाही."

"मग तहान का लागते? साखर वाढल्याशिवाय अशी तहान लागते का? खरं सांग."

टिल्ली नाही म्हणत राहिली. आई विचारत राहिली. अप्पा मध्ये पडले, तर त्यांनाही तिने गप्प केलं. मग आईचा हात उठला. एकच चापट होती, पण ती माझ्या दाराशी, माझ्यासमोर बसली. आणि मारून आईच रडायला लागली. टिल्ली तिच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बरं. दोन बिस्किटं खाल्ली."

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तुम्ही ऐकली असेल. चोर त्या खोलीत उभा होता. तो मी. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, असं म्हणणं सोपं आहे. मी घरघरत राहिलो आणि उरलेली बाटलीही गोठवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिल्लीला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालू लागला. बाबांनी तिला उचललं, आईने औषधाची बाटली आणि वही पदरात घेतली आणि ती दोघं दवाखान्यात धावली. घरात अप्पा आणि मी. अप्पा जेवले नाहीत. दिवसभर खुर्चीवर बसून होते.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी टिल्लीच्या जिवाचा धोका टळला, तेव्हा आई कपडे न्यायला घरी आली. काय झालं ते तिने अप्पांना सांगितलं. तिथल्या नर्सने बाटली उजेडात धरली होती. पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते औषध, पण त्यात बारीक कण तरंगत होते. हे कधी गोठलं होतं का, एवढंच तिने विचारलं. आईने कुलूप काढलं, हात आत घातला आणि उरलेली बाटली बाहेर काढली. ती दगड झाली होती. आई तिथेच फरशीवर बसली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा हसण्यावारी नेलेल्या काकडीचं नाव त्यांनी काढलं नाही.

टिल्ली घरी आली. आईने तिला स्वयंपाकघरात मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तू खाल्लं नव्हतंस ना?"

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"तू रडायची थांबशील म्हणून."

आईने तिला छातीशी धरलं. मग ती म्हणाली, "चुकलं माझं." बाबा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते माझ्या दाराची कडी काढण्यासाठी पेचकस आणायला गेले.

नवा फ्रीज आला आणि मी शिवणयंत्राशेजारी कपाट झालो. तक्रार नाही. टिल्ली आता अकरा वर्षांची आहे. परवा डॉक्टरीणबाईंनी एका बाईंना आईकडे पाठवलं. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला नुकताच हाच आजार झाला आहे. मला सगळं जमेल का, असं विचारताना त्या सारखे डोळे पुसत होत्या. आईने त्यांना नव्या फ्रीजमधली बाटल्या ठेवायची जागा दाखवली, आत ठेवलेला थर्मामीटर दाखवला. गोठलेलं औषध वापरू नका, आकडे कितीही वाईट असले तरी फोन करा, असं सांगितलं. मग माझी गोष्ट सांगितली. चापटीपाशी मात्र ती अडखळली आणि तेवढं गाळून पुढे सांगू लागली.

"मला मारलंस, ते राहिलं," टिल्ली गणिताच्या वहीतून मान वर न करता म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. पण तिने त्या बाईंकडे सरळ पाहिलं.

"हो. मारलं होतं. खरं बोलत होती, तरी मारलं."

त्या बाईंनी डोळे पुसायचं थांबवलं. त्या खुर्ची ओढून जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडूनही काल असंच एक चुकलंय. कुणाला सांगितलं नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांकडे अधूनमधून बघत जा, आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आणि घरातलं आजारी लेकरू "नाही" म्हणालं, तर आधी ते खरं धरून सगळं घर तपासा. त्याच्यावर संशय घ्यायचाच असेल, तर तो एवढं झाल्यावर.