फुगडीच्या मधली जागा

गेल्या गौरीला फुगडी घालताना सगुणाच्या हातातून तिची धाकटी जाऊ दिपाली सुटली आणि अंगणात अशी आपटली की पुढचा दात अर्धा गेला. "मला भिरकावलं हिनं," एवढं म्हणून दिपालीनं जे तोंड मिटलं ते वर्षभर. चूल एकच, त्यामुळे मीठसुद्धा दिपालीच्या लेकीच्या, कल्पिताच्या, मार्फत मागायचं.

यंदा गौरी घरात आल्या तशी सगुणानं मनाशी ठरवलं, आज धाकटीला फुगडीला उभी करायचीच. सगुणाची शाळा सातवीतच सुटली होती, पण घरात आलेलं पुस्तक ती पोरांच्या आधी वाचायची. कल्पिताच्या दहावीच्या विज्ञानात तिला शब्द सापडला होता : अभिकेंद्री बल.

"मोठी आई, 'अभि' म्हणजे कडे. केंद्राकडे ओढणारं," कल्पिता म्हणाली. "न्यूटननं लॅटिनमध्ये शब्द जुळवला, केंद्र शोधणारं असा. त्याच्याआधी केंद्रापासून पळणारं, एवढाच शब्द होता, सर म्हणाले."

वाटण वाटता वाटता सगुणा थांबली. पळण्याला नाव आधी मिळालं, शोधण्याला मागाहून! आपण बाहेर फेकले जातोय हे माणसाला लगेच कळतं. कुणी आत धरून ठेवलंय, त्याचं बारसं करायला मात्र एखादा न्यूटन यावा लागतो.

दुपारी दिपाली अळूच्या शिरा काढत बसली होती. सगुणा पुस्तक घेऊन समोर बसली आणि कल्पिताला मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या आयला सांग, फुगडीत फेकणारं कोण नसतंय. दोघी एकमेकींना मधल्या जागेकडं ओढत असतात. हात सुटला की माणूस आपलं सरळ जातं. छापलेलं हाय."

दिपालीनं मान वर केली नाही. "मोठ्या आयला विचार, म्हंजे मला फेकलं न्हाय, नुसतं धरलं न्हाय. व्हय ना?"

सगुणानं उगीच पुढचं पान उलटून पाहिलं. मग पुस्तक मिटून ती थेट जावेशी बोलली.

"बोटांत बोटं व्हती गं, तळणाची, तेलकट. तूपण ओढत व्हतीस, मीपण. बोटंच कमी पडली."

अंगणात बायकांनी गाणं धरलं. दिपाली उठली. तिनं आपले हात पदराला पुसले, मग सगुणाचे ओढून घेऊन तेही पुसले, कोरडे होईस्तोवर.

"यंदा मनगटं धरा, ताई," ती म्हणाली. हसताना अर्धा दात दिसला. "आन ते पुस्तक ठेवा आत."