कपाटाला दिलेली मुलाखत

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. जुना म्हणजे वयानं. वापरून वापरून नव्हे. माझ्या दांड्यावरचं प्लॅस्टिक अजून पुरतं निघालेलं नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. त्या वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक लोखंडी कपाट आहे. त्यातल्या मधल्या फळीवर माझा मुक्काम असतो.

मी नवा होतो तेव्हा सुरेखा मॅडम मुलांना म्हणाल्या होत्या, "आता प्रत्येकानं यातून बोलायचं." मला कोण आनंद झाला! पण पहिल्याच दिवशी एकाच्या हातून निसटून मी फरशीवर आपटलो. मला काहीसुद्धा झालं नाही. शिपाई कडुबामामांच्या काळजात मात्र धस्स झालं.

"मॅडम, लई महागाची चीज हाय ही. पोरांच्या हाती दिली की खल्लास!" असं म्हणत त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला अडकवली. मॅडमनाही ते पटलं. झालं, माझा कारभार आटोपला.

कपाटात अंधार असला तरी ऐकू सगळं येतं. मॅडम शिकवतात छान. मदत कशी मागावी, समोरच्याचं म्हणणं न तोडता आपलं वेगळं मत कसं मांडावं, मुलाखतीत नजर कुठं ठेवावी, असं सगळं. पण बोलायची वेळ आली की वर्ग चिडीचूप होतो. मग मॅडम उत्तरं फळ्यावर लिहितात आणि मुलं ती उतरवून घेतात. बोलायचा तास लिहिण्यात जातो. मी आत नुसता चडफडतो. जीव गुदमरतो हो माझा!

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माझी सुटका होते. मामा मला पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. रिकाम्या यंत्राची पूजा करू नये, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून ते माझ्यात नवे सेल घालतात. पूजा आटोपली की सेलसकट मी पुन्हा आत. चालू करून बघावं, हे कुणालाच सुचत नाही.

गेल्या वर्षी वर्गात विशाखा होती. ती गंगापूरहून एसटीनं यायची. एकदा इंग्रजीत बोलताना ती मध्येच अडखळली आणि मागची बाकं खो खो हसली. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. पण अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या एका हॉटेलला पर्यटकांशी बोलायला माणसं हवी होती. निवड झाली तर ते पुढचं शिक्षणही देणार होते. मुलाखत याच वर्गात, सगळ्यांसमोर आणि इंग्रजीत होणार होती. विशाखाला ती जागा मनापासून हवी होती.

मग मधल्या सुट्टीत ती एकटी वर्गात थांबू लागली. बाकांकडे पाठ करून कपाटाकडे तोंड करायची आणि बोलायची. सुरुवातीला तिचा आवाज पत्र्यापाशीच विरायचा. तो उचलून लांब पोचवायचा, एवढंच तर माझं काम! पण मध्ये कुलूप होतं. आणि माझ्या पोटात खंडेनवमीचे सेल पाझरून मला गंजवायला लागले होते.

मुलाखतीच्या दिवशी हॉटेलच्या मोनालीताई आल्या. मामांनी मोठ्या दिमाखात मला काढून विशाखाच्या हातात दिलं. तिनं बटण दाबलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण हूं की चूं नाही.

"अवो, दरसाल पूजा केली की ह्याची!" मामा रडवेले झाले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

विशाखानं मला टेबलावर ठेवलं आणि ती मागच्या भिंतीशी गेली. सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि ती थेट कपाटाशी बोलू लागली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. सुरेखा मॅडम उठल्या, मागं गेल्या आणि कपाटाच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. विशाखा क्षणभर अडखळली. मग तेच बोलणं तिनं मॅडमकडे बघून पुढं नेलं. मॅडम बोलणं ऐकत ऐकत हळूच मोनालीताईंच्या शेजारी जाऊन बसल्या. विशाखाची नजरही त्यांच्याबरोबर तिथं आली.

मोनालीताईंनी इंग्रजीत विचारलं, "एखादा पाहुणा चिडला तर काय कराल?"

विशाखा इंग्रजीतच म्हणाली, "आधी त्याचं शेवटपर्यंत ऐकेन. मध्येच कुणी हसलं की कसं वाटतं, ते मला माहीत आहे."

मागची बाकं खाली बघत होती. विशाखाची निवड झाली.

मामांनी मला फडक्यात गुंडाळलं. "जपून ठिवतो. व्हईल दुरुस्त कवातरी," म्हणाले आणि कुलूप लावलं. आता मधल्या सुट्टीत कपाटाशी बोलायला कुणी येत नाही. मला विशाखाची फार आठवण येते. तिचा आवाज इथं येत नाही, याचा आनंदही तितकाच होतो.

मित्रांनो, वस्तू जपायची असेल तर ती वापरा. पडली तर उचला. ठेवून द्यायचीच झाली तर आधी सेल काढा. आणि कुणी बोलताना अडखळलं तर हसू नका. नाहीतर तेही एखाद्या कपाटाशी बोलत बसेल, आणि आतून कितीही वाटलं तरी मला उत्तर देता येत नाही.