जुनाच पासवर्ड

राऊटरवरचा तिसरा दिवा एरवी संथ लुकलुकायचा. पण आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून कोणी पाहू लागलं, की तो थरथरायचा. हे लेकीने नीट तपासलं होतं. स्वतःचा फोन बंद, लॅपटॉप बंद, वायफायवर कॅमेरा तेवढा उरलेला. दिवा थरथरला आणि लगेच परगावाहून दादाचा फोन आला, "आईची उशी सरळ कर गं."

ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. एकाच प्रयोगावर भरवसा ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. आठवडाभर तिने लक्ष ठेवलं. आईचं अंग पुसायच्या वेळीसुद्धा दिवा थरथरत होता. त्यात परवा वहिनी फोनवर सहज बोलून गेली, "आईंचा नवा गाऊन माझ्या मैत्रिणींना फार आवडला हं."

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा राऊटर आणि कॅमेरा दादानेच बसवले होते. कॅमेरा काढ म्हणून सांगायचं तिने कितीदा ठरवलं. पण दादा एकदा म्हणाला होता, "तुला झेपत नसेल तर आईला चांगल्या संस्थेत ठेवू." तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

मागे तिने गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलून पाहिला. संध्याकाळी दादा फोनवर हसत होता. "शास्त्रज्ञबाई, खिडकीला कडी घातलीत, पण दाराची किल्ली माझ्या खिशात आहे." राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड त्याच्याकडेही होता. तिकडे बसल्या बसल्या आत शिरून त्याने सगळं पूर्ववत केलं होतं.

आज तिने दारच बदलायला घेतलं. आधी बाहेरून येणारी वायर उपटली. मग राऊटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी खुपसली आणि सगळे दिवे विझेपर्यंत दाबून धरली. राऊटर कोरा झाला. लॅपटॉप तारेने जोडून तिने सेटिंगचं पान उघडलं. सेटिंगचा पासवर्ड नवा, चांगला लांबलचक. दुरून प्रवेश बंद.

फोन वाजला. दादा.

"घे... ना," आई पलंगावरून अडखळत म्हणाली.

"घेते गं. हातातलं होऊ दे."

फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. कंपनीकडून मागून घेतलेलं इंटरनेटच्या खात्याचं नाव घालताना एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा घातलं. आता वायफाय तेवढं राहिलं. नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड. बोटं झरझर चालली. सेव्ह. वायर खोचली. एकेक दिवा लागला. फोनही गप्प झाला.

तिने मोठा श्वास घेतला. कोमट पाण्यात टॉवेल पिळला आणि आईच्या गाऊनची वरची बटणं सोडली.

"आता कोणी बघत नाही, आई."

"कोण बघत नाही?"

आवाज वरून आला. कॅमेऱ्यातून.

तिने वर पाहिलं. मग लक्षात आलं. बोटांनी सवयीने वायफायला जुनंच नाव घातलं होतं, आणि पासवर्डही जुनाच, बाळराजा. आई दादाला याच नावाने हाक मारायची. घरातल्या प्रत्येक पासवर्डला तोच शब्द होता. ओळखीचं नाव नि ओळखीचा शब्द मिळताच कॅमेरा आपसूक जोडला गेला होता.

तिने झटकन आईवर चादर ओढली.

"फोन का उचलत नाहीस? आणि राऊटरला काय केलंस? मला आत जाता येईना."

"सेटिंग बदललं."

"कशाला उगाच? मी बघतो ना आईकडे."

"तू आईला बघतोस, दादा. आईकडे मी बघते."



"मला व्याकरण शिकवू नकोस. झेपत नसेल तर तसं सांग. संस्थेत बोलून ठेवलंय मी. उद्या गाडी पाठवतो."

आईने मान भिंतीकडे वळवली होती. तिचा चांगला हात चादरीखालून आला आणि लेकीचं मनगट घट्ट धरून राहिला.

ती कॅमेऱ्याकडे वळली. आवाज कापत होता, तरी तिने तो थांबू दिला नाही.

"गाडी पाठवू नकोस. आई कुठेही जाणार नाही, माझ्याकडेच राहील. आणि हा कॅमेरा मी आत्ता काढतेय."